पाय तिचा, सही माझी

डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते आणि पाय तिचा होता. नंदुरबारच्या एका खासगी दवाखान्यात, खोलीच्या उघड्या दाराशी आम्ही उभे होतो. मी, तिचा दीर आणि डॉक्टर. ती आत कॉटवर, आमच्यापासून चार हातांवर. डॉक्टर मला समजावत होते की पावलात रक्त पोचत नाहीये, बोटं गार पडली आहेत, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, लवकरात लवकर काय ते ठरवा. ठरवा म्हणे. मी मिरचीची व्यापारी. मुठीत घेतली की मिरची किती ओली आहे ते मला कळतं. एका बाईचा पाय ठेवायचा की काढायचा, हे मी कशाने ठरवणार होते?

पण विचारत होते मलाच. अपघात आमच्या पथारीवर झाला होता, गाडी आमची, ड्रायव्हर आमचा, आणि आदल्या दिवशी तिला भरती करताना कागदावर 'जबाबदार व्यक्ती' या शब्दांपुढे सही माझी होती.

पथारी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. बाजारात घेतलेली ओली लाल मिरची वाळवायला गावाबाहेर जे मोकळं मैदान लागतं, ती पथारी. दिवाळीनंतर आमच्याकडे अशी मैदानंच्या मैदानं लाल होतात. वारा सुटला की रस्त्यावरचा मोटारसायकलवालाही ठसकतो आणि आमच्या नावाने दोन शब्द बोलून पुढे जातो. आमचे आजोबा राजस्थानातून आले आणि इथलेच झाले. घरात मारवाडी, बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, असं आमचं सगळं सरमिसळ. लग्न झालं तरी माझं सासर त्याच गल्लीत, त्यामुळे माहेर असं कधी सुटलंच नाही, आणि वडिलांचे, म्हणजे बाबूजींचे, गुडघे गेले तशी पथारी माझ्या गळ्यात पडली.

मिरची पसरायला, उलटायला, देठ खुडायला बायामाणसं धडगावच्या डोंगरातून येतात. हंगामभर पथारीच्याच कडेला झोपड्या करून राहतात. आपसात त्यांची पावरी बोली, ती आम्हाला कळत नाही. त्यांच्याशी बोलायचं ते मुकादमामार्फत. तिचा दीर हा त्या टोळीचा मुकादम. कामाचं, दुखण्याखुपण्याचं, गावाला जाण्याचं, जे काही असेल ते तो माझ्याशी बोलायचा. ती कित्येक वर्षं येत होती. चाळिशीची असेल, सडसडीत, तोंडाला फडकं बांधलेलं. तिचा आवाज कसा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

आता गाडीचं. मैदानात झाड नाही, कारण झाड असलं तर मिरचीवर सावली पडते. मग दुपारी सावली कुठली? उभ्या पिकअपची. बाया गाडीच्या मागे, फाळक्याच्या आडोशाला टेकायच्या, कुणी पाय पसरून डुलकी काढायची. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून गाडी काढायच्या आधी ड्रायव्हर मागे जाऊन फाळक्यावर दोनदा थाप मारायचा. थाप ऐकली की बाया उठायच्या. बाबूजींच्या काळापासूनची रीत. बायांचा त्या थापेवर इतका विश्वास, की थाप पडेपर्यंत इंजिन घुरघुरलं तरी त्या डोळे उघडायच्या नाहीत.

त्या दिवशी चहाची वेळ झाली. चहा पथारीचा असतो, मोठा थर्मास घेऊन ड्रायव्हर नाक्यावर जातो आणि सगळ्यांसाठी आणतो. तो गाडीत बसला, कुणाचा तरी फोन आला, फोन कानाला लावून त्याने गाडी मागे घेतली. मी वजनकाट्यापाशी उभी होते. आधी बायांचा आरडाओरडा ऐकला. धावत गेले तर ती मातीत बसलेली, तोंडावरचं फडकं दातांत धरलेलं, आणि डावा पाय... जाऊ दे. मला अजूनही ते सांगता येत नाही. ड्रायव्हर तिथेच खाली बसला होता, डोकं दोन्ही हातांत धरून. "ताई, थाप मारायची राहिली," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्याच्या कानाखाली आवाज काढावा असं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवर हात ठेवावा असंही वाटलं. माझ्या पोरांना सायकल शिकवली त्याने.

शेजारच्या पथारीवाल्याच्या गाडीतून तिला आणलं. दवाखान्याच्या दारात येईतो तिची शुद्ध गेली होती. डॉक्टरांनी कुणाला विचारलं नाही, विचारायची ती वेळही नव्हती. रक्त थांबवलं, हाडांना बाहेरून सळ्या लावल्या. जीव वाचवायचा होता, माणूस बेशुद्ध होतं, तेव्हा त्यांनी केलं ते बरोबरच केलं. सिस्टरने कागद पुढे केला आणि मी सही केली. तिथे दुसरं कोण होतं लिहितं-वाचतं?

घरी गेले तर आतेभावाचा फोन. तो वकील आहे, आणि आमच्या घरात काही झालं की त्याला आधी कळतं. मी सही केल्याचं त्याला सांगितलं. मग त्याने मला शिकवणी दिली. नोकर मालकाच्या कामावर असताना त्याच्या हातून कुणाला इजा झाली तर भरपाईला मालक बांधलेला. मालक तिथे नव्हता, त्याने सांगितलं नव्हतं, त्याला माहीत नव्हतं, यातलं काही चालत नाही. पण नोकर स्वतःच्या कामासाठी गेला असेल तर गोष्ट वेगळी. तो कुठे निघाला होता? चहाला. मग झालं तर, म्हणाला, चहा पिणं हे काय पथारीचं काम आहे? पोलीस जबाबाला येतील तेव्हा एवढंच सांग की तो चहाला गेला होता, पुढे मी बघतो. खोटं बोल असं तो म्हणत नव्हता. फक्त खऱ्याचा अर्धा तुकडा दे म्हणत होता. फोन ठेवला आणि रात्रभर पंख्याकडे बघत पडले.

सकाळी दवाखान्यात गेले तर हे पायाचं. सुरतेला नेलं तर, मी विचारलं. ते म्हणाले काल न्यायला हवं होतं, पण काल ती रस्त्यातच गेली असती. रक्तदाब सापडत नव्हता. आता पाय ठेवला तर विष अंगात चढेल. मी तिच्या दिराकडे बघितलं. त्याने हात जोडले आणि म्हणाला, ताई म्हणतील तसं. बरं, मी तिच्या नवऱ्याचं विचारलं. तो गावी होता, डोंगरात रेंज नाही, निरोप घेऊन माणूस पहाटेच जीपने गेलाय, पण केव्हा येईल सांगता येत नाही.

माझ्या मनात काय काय येत होतं ते सांगते. पाय काढा म्हटलं आणि उद्या कुणी म्हणालं, शेठाणीने खर्च वाचवायला पाय काढायला लावला, तर? ठेवा म्हटलं आणि बाई गेली तर? मग ड्रायव्हरवर माणूस मारल्याचा गुन्हा, आणि बाई मेलेली ती मेलेलीच. डॉक्टर घड्याळ बघत होते.

तेवढ्यात आतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"पाय मन्हा शे. माले ईचारा."

आम्ही तिघांनी वळून बघितलं. ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. तिला अहिराणी येत होती. इतकी वर्षं पथारीवर ऐकून ऐकून तिला सगळं येत होतं. म्हणजे मघापासून दारात उभं राहून आम्ही जे जे बोललो, विष चढेल, रस्त्यात गेली असती, ते सगळं तिने ऐकलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि डॉक्टर? ते पुन्हा माझ्याचकडे वळून म्हणाले, पेशंट घाबरलेली आहे, अशा वेळी नातेवाइकांनीच निर्णय घ्यायचा असतो. मी तिची कोण लागते, डॉक्टर? तोंडापर्यंत आलं होतं. आत जाऊन तिच्या कॉटपाशी स्टुलावर बसले. पहिल्यांदाच आम्ही दोघी मुकादमाशिवाय बोलत होतो. डॉक्टरांनी सांगितलेलं मी अहिराणीत पुन्हा सांगितलं, काही लपवलं नाही. तिने दोनच गोष्टी विचारल्या. पाय काढला तर आपलं घर ज्या उतारावर आहे तिथे चढता येईल का? आणि संध्याकाळपर्यंत थांबलं तर जीव जाईल का? पहिल्याचं मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. दुसरं मी डॉक्टरांना विचारून आले. दुपारपर्यंत थांबता येईल, त्यापुढे माझी हमी नाही, असं ते म्हणाले. तिने ऐकून घेतलं. "नवरा ई ऱ्हायना. मी सांगसू," ती म्हणाली आणि डोळे मिटले. नवरा येतोय, मग मी काय ते सांगेन. डॉक्टरांना मी ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी खांदे उडवले आणि ओपीडीत गेले.

बाबूजींना फोन केला. त्यांचा एक जुना राग आहे. गुडघ्यांच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही भावंडांनी डॉक्टरांशी परस्पर ठरवलं की दोन्ही गुडघे एकदमच करायचे, आणि बाबूजींना सांगितलं एकाचंच, उगाच घाबरायला नको म्हणून. शुद्धीवर आल्यावर त्यांनी खाली बघितलं तर दोन्ही पायांना पट्ट्या. त्यावर आम्ही घरात किती हसलोय! ते मात्र कधी हसले नाहीत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिने सांगितलं ना थांबा? मग तिथून हलू नकोस. आपल्याकडे माणूस झोपला की बाकीचे ठरवून मोकळे होतात."

मी म्हटलं, काहीतरीच, डॉक्टर आता असं थोडंच करतील. तरी बसले. चांगलं झालं बसले.

दुपार व्हायच्या आतच एक सिस्टर आणि दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले. सिस्टरच्या हातात इंजेक्शन. तिला वाटलं मीही पेशंटबरोबरचीच कुणी आहे. बाजूला व्हा मावशी, ओ.टी.त घ्यायचंय. मी म्हटलं, कशाला? तर म्हणे ऑपरेशन. संमती झाली. कुणाची? दिराचा अंगठा घेतला. मी बाहेर बघितलं तर तो भिंतीला टेकून उभा, अंगठ्याची शाई पँटला पुसत. काय लिहिलंय कुणी वाचून दाखवलं नव्हतं, त्यानेही विचारलं नव्हतं. बरोबरच्यातला मोठा पुरुष कोण, तू का, मग इथे अंगठा दे. झालं. आणि ज्या बाईचा पाय, ती कॉटवर उठून बसायची धडपड करत होती आणि सिस्टर तिचा दंड धरून म्हणत होती, काही नाही ग, टोचणार नाही फार.

माझं डोकं फिरलं. मी सिस्टरचा हात बाजूला केला आणि कॉट आणि स्ट्रेचरच्या मध्ये उभी राहिले. मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. गॅलरीतली माणसं गोळा झाली. सिस्टर रडवेली होऊन म्हणाली, आम्ही नेहमी असंच करतो हो, पेशंटला विचारत बसलं तर कुणी तयारच होत नाही. ती काही दुष्ट नव्हती. थाप मारायची राहिली असं म्हणणाऱ्या आमच्या ड्रायव्हरइतकीच ती वाईट होती.

डॉक्टर धावत आले. झालेलं ऐकून त्यांचाही चेहरा उतरला, पण माणूस पटकन बाजू घेतो. मी हिला घेऊन या असं म्हटलेलं नाही, म्हणाले, तयारी ठेवा एवढंच म्हटलं होतं, हे स्टाफने परस्पर केलं, मला काही माहीत नाही. रात्रभर जे माझ्या छातीवर बसलं होतं ते तेव्हा तोंडातून आलं.

"डॉक्टर, तुमची सिस्टर, माझा ड्रायव्हर. मलाही काही माहीत नव्हतं."

ते सिस्टरला घेऊन गेले. मी पुन्हा स्टुलावर बसले. भांडले खरी, पण दुपार होत आली होती. आता उशिरामुळे ती गेली तर तोही दोष माझ्याच गळ्यात. मी थांबवलं होतं ना? मी तिच्या बोटांकडे बघत बसले. काल निळसर होती, आता त्यांचा रंग बघवत नव्हता. दर थोड्या वेळाने दाराकडे बघायचं आणि पुन्हा बोटांकडे.

तिचा नवरा आला तेव्हा ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. उंच, हाडकुळा, खांद्यावर टॉवेल, पाय धुळीने भरलेले. तो सरळ तिच्या उशाशी जाऊन बसला. दोघं पावरीत हळूहळू बोलत राहिले. मी उठून जायला लागले तर तिने हाताने थांब म्हटलं. मग ती म्हणाली, पाय दाखवा. डॉक्टरांना बोलावलं. या वेळी ते तिच्यासमोर येऊन उभे राहिले आणि पट्टी सोडली. तिने नवऱ्याचा आधार घेऊन वाकून स्वतःचं पाऊल बघितलं. अंगठा चिमटीत धरून दाबला. मग नख रुतवलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मी दुसरीकडे बघायला लागले.

"हाई पाय गया," ती म्हणाली. "कापा."

डॉक्टरांनी तिला विचारलं, समजलं ना काय करणार आहोत, आणि अहिराणीत, जी त्यांना चांगली येत होती आणि सकाळपासून त्यांनी वापरली नव्हती, कुठून काढणार, नंतर काय होईल, जीवाला धोका किती, सगळं सांगितलं. तिने हो म्हटलं. मग म्हणाली, पण कापलेला पाय माझ्या घरी गेला पाहिजे. नवरा नेईल. आमच्या शेताच्या बांधावर सासू आहे, सासरा आहे, माझं एक लेकरू आहे. तिथे त्यांच्याजवळ मातीत ठेवायचा. ही त्यांच्यातली रीत आहे की तिची एकटीची इच्छा, मी विचारलं नाही. तिने डॉक्टरांकडून हो म्हणवून घेतलं आणि मग माझ्याकडे बघितलं. "तू बी सांग," म्हणाली. मी पण हो म्हटलं. मगच तिने अंगठा दिला.

मी हो म्हणून बसले आणि त्या क्षणापासून माझ्या जीवाला नवा घोर लागला. कारण हो म्हटलं मी आणि डॉक्टरांनी, पण ते होणार होतं दुसऱ्याच कुणाच्या तरी हातून. डॉक्टर सिस्टरला सांगणार, सिस्टर वॉर्डबॉयला, त्याची ड्युटी संपली की दुसरा येणार. दवाखान्यातलं असलं सगळं पिवळ्या पिशवीत जातं आणि संध्याकाळी गाडी येऊन घेऊन जाते, हे मी आदल्या संध्याकाळीच मागच्या दाराशी बघितलं होतं. मी तिच्या नवऱ्याला मागच्या दाराशी उभं केलं आणि स्वतः ऑपरेशन थिएटरच्या पुढच्या दाराशी बसले.

तिथेच हवालदार आला जबाब घ्यायला. ठाण्यात चला म्हणाला. मी म्हटलं इथून हलणार नाही, काय लिहायचं ते इथेच लिहा. त्याने विचारलं, ड्रायव्हर गाडी कशासाठी काढत होता? आतेभावाने दिलेलं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. चहाला. मी दाराच्या काचेकडे बघितलं. आत दिवा लागलेला होता.

"पथारीच्या कामाला," मी म्हटलं. "चहा पथारीचा असतो. मजुरांसाठी आणायला मीच पाठवते."

त्याने मान वर करून बघितलं, मालक माणूस आपणहून असं सांगत नाही बहुतेक, आणि लिहून घेतलं. आतेभाऊ पुढे दोन महिने माझ्याशी नीट बोलला नाही. भरपाईचं प्रकरण अजून चालू आहे, ते जे ठरेल ते ठरेल.

मग मागच्या बाजूने आवाज आले. मी पळाले. एक नवाच वॉर्डबॉय, दुपारी मी बघितला नव्हता असा, पिवळी पिशवी घेऊन मागच्या दारात उभा होता आणि त्याच्यासमोर तिचा नवरा. नवऱ्याला मराठी धड येत नव्हती, तो काही बोलतही नव्हता, फक्त दार अडवून उभा होता. वॉर्डबॉय ओरडत होता की हट ना बाबा, हे द्यायचं नसतं, नियम आहे. मी म्हटलं, डॉक्टरांनी कबूल केलंय. तो म्हणाला, मला कुणी काही सांगितलं नाही. कचऱ्याची गाडी बाहेर येऊन उभी होती, तिचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पिशवीचं एक टोक धरलं, त्याने दुसरं, आणि आपण काय धरून ओढतोय हे मला अचानक जाणवलं. मी सोडली नाही.

डॉक्टर आले, मास्क हनुवटीखाली ओढलेला. वॉर्डबॉय म्हणाला, सर, मला कुणी बोललंच नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरच म्हणाले, "माझी चूक. मी सांगायला हवं होतं." आणि त्याच्या हातून पिशवी घेऊन त्यांनी स्वतः नवऱ्याच्या हातात दिली. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला, पिशवी त्यात गुंडाळली आणि मूल घेतात तशी कडेवर घेतली. मग टेबलाशी उभं राहून डॉक्टरांनी काय ते दोन ओळींत लिहून त्याच्याजवळ दिलं, वाटेत कुणी अडवलं तर दाखवायला.

माझी पिकअप पोलिसांनी अडकवलेली. मी स्टँडवरून एक अख्खी जीप ठरवली आणि जीपवाल्याला गाठोड्यात काय आहे ते आधी सांगितलं. लपवून बसवायला मन धजेना. त्याने पुढची सीट फडक्याने पुसली आणि नवऱ्याला बस म्हणाला. तिच्या घरापर्यंत गाडी जात नाही, पुढचा डोंगर पायीच चढायचा. मी जीपवाल्याला बजावलं, तो परत खाली उतरेपर्यंत थांब, आणि रेंज आली की मला पहिला फोन कर. नवरा जाताना माझ्याशी काही बोलला नाही. त्याने का बोलावं?

ती शुद्धीवर आली ती विचारतच. आधी मला वाटलं पाणी मागतेय. वाकून ऐकलं. "पाय घर पोचना का?" मी म्हटलं, वाटेत आहे. ती पुन्हा गुंगीत गेली. जागी झाली की तेच. दुखतंय का विचारलं तर मान हलवायची आणि पुन्हा तोच प्रश्न. मी फोन हातात घेऊन बसले होते. तिकडे घाटात गाडी कुठे असेल, त्याला कुणी अडवलं असेल का, पोलिसांनी गाठोडं उघडायला लावलं तर तो कुणाला काय समजावणार, असे नाही नाही ते विचार. एकदा वाटलं, सांगून टाकावं पोचला म्हणून, बिचारी झोपेल तरी. इतकं सोपं होतं. तिला कुठे कळणार होतं? पण तिला न सांगता, तिच्या भल्यासाठी म्हणून, सगळ्यांनी आजवर जेवढं केलं होतं तेवढं पुरे होतं. मी वाटेतच आहे म्हणत राहिले.

सकाळी झाडूवाली खोली पुसत होती तेव्हा फोन वाजला. जीपवाला. त्याचा आवाज तुटत होता, दोनदा विचारून घेतलं. नवरा डोंगर उतरून खाली आला होता. रात्री घरची माणसं थांबली होती, उजाडताच बांधावर ठेवलं, सासऱ्याच्या शेजारी. नवऱ्याने निरोप दिला होता, तिला सांग म्हणून.

मी तिच्याजवळ गेले. ती जागीच होती. या वेळी तिने विचारलं नाही, नुसती बघत राहिली.

"पोचना," मी म्हटलं. "उजाडता. सासरानाजोडे."

गाडी अंगावर आली तेव्हा ती रडली नव्हती, कापा म्हणाली तेव्हाही नाही. आता ओढणी तोंडावर घेऊन ती रडायला लागली. मी तिच्या उरलेल्या पावलावरची चादर नीट केली आणि स्टुलावर बसून राहिले.